मांजर चारोटीला, काच परळला

असा एक बोका डोळ्यांसमोर आणा. चारोटी नाक्यावरून कासा-जव्हारकडे जाणाऱ्या रस्त्यालगत कुडाचं घर, मागे भाताची खाचरं, पडवीत पेंढ्याची गंजी. बोका घरचाच, पण घरात कमी. रात्री उंदीर-घुशींच्या मागे, पहाटे शेजारच्या बोक्यांशी मारामारी, दुपारी गंजीवर झोप. पावसाळा सरता सरता त्याच्या नाकाच्या दांड्यावर एक पुळी येते. आठवड्यात ती फुटते, खपली धरते आणि पुन्हा फुटते. पंधरा दिवसांनी पुढच्या पायावर तशीच दुसरी. महिनाभरात नाक इतकं सुजतं की तोंडाची ठेवणच बदलते.

या महिन्यात घरच्यांनी हातावर हात ठेवलेले नसतात. आधी हळद आणि तेल होतं. मग घरातल्या कुणाच्या तरी गजकर्णासाठी मेडिकलमधून आणलेली ट्यूब. मग गुरांच्या जखमेवर मारायचा फवारा. बोका दवाखान्यात पोचतो तेव्हा त्याच्या नाकावर तीन औषधं असतात आणि आजाराला नाव मात्र एकही नसतं.

मांजराच्या त्वचेचे दुर्मीळ संसर्ग एकमेकांसारखेच दिसतात: गाठ, व्रण, खपली, लस. नुसतं पाहून नाव सांगणारा अनुभवी डॉक्टरही फसतो. नाव मिळतं ते काचेच्या पट्टीवर, नळीतल्या बुरशीत, मेणात बसवलेल्या कातडीच्या तुकड्यात. आणि ही वाट सुरू होते दुर्मीळ आजारांपासून नव्हे, रोजच्या आजारांपासून.

आधी नेहमीचे तिघे

पहिला संशयित म्हणजे मारामारीतलं गळू. मांजराचे सुळे सुईसारखे बारीक. ते रुततात, जंतू आत सोडतात आणि वरचं छिद्र दोन दिवसांत मिटतं. आत पू साठतो. असं गळू फोडून धुतलं आणि योग्य प्रतिजैविक दिलं, की साधारण आठवड्याभरात जखम भरू लागते. म्हणूनच पशुवैद्यकात एक साधा दंडक आहे: उपचार करूनही दोन आठवड्यांत न भरणाऱ्या जखमेकडे ‘चावा’ म्हणून पाहणं थांबवायचं आणि पहिल्यापासून विचार करायचा.

दुसरी खरूज. मांजराची खरूज नोटोएड्रिस नावाच्या सूक्ष्म किडीमुळे होते. ती कानाच्या कडांपासून सुरू होऊन कपाळ, चेहरा, मानेवर जाड राखाडी खपल्या धरते आणि खाज इतकी की मांजर स्वतःला रक्तबंबाळ करतं. निदान सोपं आहे. तेलाचा थेंब लावलेल्या पात्यानं खपली खरवडायची आणि तो खरवड काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. आखूड पायांची गोल कीड आणि तिची अंडी दिसली की शोध संपला. आपल्या बोक्याला मात्र खाज जवळजवळ नाही. ही ‘नाही’सुद्धा महत्त्वाची खूण आहे.

तिसरं गजकर्ण. मांजरांत ते बहुतेकदा मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीमुळे होतं. ही बुरशी केसांत आणि त्वचेच्या मेलेल्या थरात राहते. गोलसर जागी केस तुटतात, कोंडा दिसतो, आणि कधी काहीच दिसत नाही. मांजर ठणठणीत, पण त्याला मांडीवर घेणाऱ्या मुलाच्या हातावर चट्टे.

निळा दिवा काय सांगतो

गजकर्णाच्या तपासाची पहिली पायरी म्हणजे वुड्स लॅम्प. रॉबर्ट विल्यम्स वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं १९०३ मध्ये दृश्य प्रकाश अडवून अतिनील किरण तेवढे जाऊ देणारी काच तयार केली. बुरशीग्रस्त केस या प्रकाशात चमकतात हे १९२५ मध्ये फ्रान्समध्ये लक्षात आलं. मायक्रोस्पोरम कॅनिसनं व्यापलेला केस कैरीच्या सालीसारखा हिरवा चमकतो. पेट्रोल पंपावर नोट खरी की खोटी पाहायचा निळा दिवा याच कुळातला.

पण हा दिवा साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. केस चमकला नाही म्हणून बुरशी सुटली असं होत नाही, कारण सगळ्या बुरशी चमकत नाहीत. उलट खपल्या, कपड्याचे तंतू आणि काही मलमं बुरशी नसतानाही चमकतात. नाकावर ट्यूब लावलेली असेल तर दिवा ट्यूबच दाखवतो. म्हणून चमकणारा केस मुळापासून उपटायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावात भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आणि उरलेले केस बुरशी वाढवायला पाठवायचे. चमकणारे केस सापडत नसतील तर नवा कोरा दातांचा ब्रश अंगभर फिरवून त्यात अडकलेले केस पाठवतात. हे केस कागदी पाकिटात कोरडे ठेवायचे. बंद डब्यात ओल धरली की दुसरेच जंतू माजतात.

ठसा

आपल्या बोक्याच्या नाकावर किडे नाहीत, केस चमकत नाहीत, प्रतिजैविकानं फरक नाही. इथून दुर्मीळ आजारांचं रान सुरू होतं. आश्चर्य असं की या रानातलं सर्वांत उपयोगी हत्यार सर्वांत स्वस्त आहे: काचेची पट्टी.

वरची खपली सलाइननं भिजवून अलगद काढायची. पहिला पू कापसानं टिपून टाकून द्यायचा, कारण त्यात बाहेरचे जंतू जास्त. मग ओलसर व्रणावर काच टेकवायची आणि उचलायची. घासायची नाही, अंगठ्याचा ठसा घेतात तशी. गाठ फुटलेली नसेल तर बारीक सुई टोचून आतला द्रव काचेवर पसरायचा. अशा चार-पाच काचा घ्यायच्या, हवेत वाळवायच्या. त्यातली एक जागेवरच रंगवता येते. मलेरियाच्या तपासणीत रक्ताची काच ज्या लीशमन रंगानं रंगवतात, त्याच घराण्यातले रंग इथे चालतात.

मग दिसतं ते एक छोटं गाव. पू-पेशी, जंतू गिळणाऱ्या मोठ्या भक्षक पेशी आणि त्यांच्या पोटात कुणीतरी पाहुणे. पाहुण्यांच्या आकारावरून पुढची वाट ठरते.

काट्यातून आलेली बुरशी

पाहुणे गोल, अंडाकृती किंवा विडीसारखे लांबट असतील आणि त्यांच्याभोवती फिकट कडी दिसत असेल तर संशय स्पोरोट्रायकोसिसचा. बेंजामिन शेंक या वैद्यकाच्या तरुण विद्यार्थ्यानं १८९८ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात एका रुग्णाच्या हातावरच्या गाठींतून ही बुरशी वेगळी केली. तिचं नाव स्पोरोथ्रिक्स. ती माती, वाळकं गवत, पेंढा, लाकूड, काटे यांवर राहते. काटा रुतला की तिला आत जायला दार मिळतं. दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत १९४० च्या दशकात सुमारे ३,००० खाणकामगारांना ती झाली. खाणीला टेकू दिलेल्या लाकडांवर बुरशी वाढली होती. भारतात माणसांमधले रुग्ण मुख्यतः हिमालयाच्या पायथ्याच्या दमट पट्ट्यात आणि ईशान्येत आढळतात. बहुतेक शेतकरी, बागकाम करणारे.

मांजर या कथेत वेगळ्या भूमिकेत येतं. ते माती उकरतं, झाडाच्या खोडावर नखं घासतं आणि त्याच नखांनी दुसऱ्या बोक्याला ओरबाडतं. ब्राझीलच्या रिओ दि जनेरो परिसरात १९९८ पासून या बुरशीची साथ मांजरांतून माणसांत पसरत गेली. हजारो मांजरं आणि माणसं आजारी पडली. तिथल्या जातीला २००७ मध्ये स्पोरोथ्रिक्स ब्राझिलिएन्सिस असं स्वतंत्र नाव मिळालं. तिच्या बाधेत मांजराच्या व्रणात बुरशीच्या पेशी इतक्या दाट असतात की एका ओरखड्यानं, कधी शिंकेतल्या तुषारांनीही ती माणसापर्यंत पोचते. माणसाच्या हातावर मग एक गाठ येते आणि तिच्यामागे दंडाकडे चढत जाणारी गाठींची माळ.

मोकाट फिरणारा, नसबंदी न झालेला, मारामारी करणारा बोका आणि नाक, कान, पंजे या जागा, हे या आजाराचं ठरलेलं चित्र. पण काचेवर बुरशी दिसली नाही तरी संशय सोडता येत नाही. स्पोरोथ्रिक्सच्या काही जातींत पेशी विरळ असतात. पक्कं निदान होतं बुरशी वाढवून. ही बुरशी द्विरूपी आहे. २५ अंश तापमानाला ती धाग्यांची होते आणि धाग्यांच्या टोकाला फुलासारखे बीजाणूंचे गुच्छ येतात; ३७ अंशाला, म्हणजे शरीराच्या उबेत, तीच बुरशी गोल-लांबट सुट्या पेशींची होते. दोन्ही रूपं दाखवली की ओळख पटली.

नावाची भीती

कधी भक्षक पेशींच्या पोटात वेगळंच काही दिसतं. सगळं जांभळं-निळं रंगलेलं आणि मध्ये रंग न घेतलेल्या बारीक पांढुरक्या रेघा, जणू कुणी रंगलेल्या भिंतीवर नखानं ओरखडे काढलेत. हे जंतू मेणचट आवरणाचे असतात आणि साधा रंग पीत नाहीत. त्यांच्यासाठी झील-नीलसन पद्धत वापरतात. सरकारी रुग्णालयांत थुंकीतला क्षयाचा जंतू वर्षानुवर्षं याच पद्धतीनं शोधला गेला आहे. लाल रंग तापवून आत शिरवायचा, मग आम्लानं धुवायचं. बाकी सगळ्यांचा रंग उतरतो, या जंतूंचा उतरत नाही. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसल्या की हे मायकोबॅक्टेरियाचं कुटुंब.

या कुटुंबातल्या एका आजाराचं नाव ऐकूनच लोक मांजर घराबाहेर काढतील: मांजराचा कुष्ठरोग. म्हणून इथे थांबून नीट सांगायला हवं. माणसाच्या कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला. मांजराच्या या आजाराचा एक जंतू त्याहून वेगळा आहे. तो उंदरांचा आहे आणि १९०३ मध्ये स्टेफान्स्की यांनी ओडेसा शहरातल्या उंदरांत त्याचं वर्णन केलं. उंदराच्या चाव्यातून तो मांजराला मिळतो असं मानलं जातं. डोक्यावर, पायांवर न दुखणाऱ्या गाठी येतात. मांजरामुळे माणसाला कुष्ठरोग होत नाही. ज्या महाराष्ट्रात कुष्ठरोगाच्या नावानं माणसांनाही घराबाहेर काढलं गेलं, तिथे हे वाक्य दोनदा वाचावं.

दुसरं भावंड पोटाखाली सापडतं. जांघेजवळच्या चरबीच्या थरात मातीतले, पाण्यातले मायकोबॅक्टेरिया शिरतात. कातडी जाड होते, तिच्यावर अनेक बारीक छिद्रं पडतात आणि त्यातून लस झिरपत राहते. मांजर वरवर तब्येतीनं बरं असतं. इथे ठसा अनेकदा कोरा येतो, कारण जंतू थोडे असतात आणि चरबीच्या थेंबांत दडलेले. मग फुटलेल्या छिद्रातला पू घेऊन चालत नाही. शेजारची अखंड कातडी स्वच्छ करून तिच्यातून सुईनं आतला द्रव काढावा लागतो.

आणि तिसरं भावंड खरोखर जपून राहण्याचं: गायीच्या क्षयाचा जंतू. तो कच्च्या दुधातून, बाधित शिकारीतून मांजरात येऊ शकतो आणि माणसालाही होऊ शकतो. काचेवर तिघंही लालच दिसतात. म्हणून ‘लाल काड्या दिसल्या’ हे आडनाव झालं. पूर्ण नावासाठी जंतूचा जनुकीय तपास, म्हणजे पीसीआर लागतो.

शाईतला चंद्र

सुजलेल्या नाकाचं आणखी एक कारण क्रिप्टोकॉकस. ही बुरशी कबुतरांच्या विष्ठेत सापडते हे १९५५ मध्ये कळलं, आणि तिची एक जात ऑस्ट्रेलियात निलगिरीच्या झाडांशी जोडलेली आहे हे १९९० मध्ये. ती श्वासातून नाकात शिरते, मग नाकाच्या दांड्यावर उंचवटा येतो, एका नाकपुडीतून शेंबूड वाहतो.

हिला पकडायची युक्ती मोठी देखणी आहे. नाकातल्या द्रवाच्या थेंबात काळी चित्रकलेची शाई मिसळायची. शाईचे कण सगळीकडे पसरतात, पण या बुरशीभोवती जाड चिकट कवच असतं आणि त्यात ते शिरू शकत नाहीत. अंधारात चंद्र उगवावा तशी प्रत्येक पेशी पांढऱ्या खळ्यात दिसते. डहाणूच्या घरांत गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. इथे उलटं होतं, भिंत रंगवायची आणि चित्र आपोआप कोरं उरतं. जोडीला रक्तातही या कवचाचे अंश शोधता येतात. स्पोरोथ्रिक्स जाते तशी ही बुरशी मांजराकडून माणसाकडे जात नाही.

दोन बाटल्या

काचेनं उत्तर दिलं नाही, किंवा अर्धंच दिलं, तर कातडीचा तुकडा घ्यावा लागतो. भूल देऊन, सहा मिलिमीटरच्या गोल पंचनं किंवा पात्यानं, व्रणाच्या मधोमध नव्हे तर कडेवरून, जिथे आजारी आणि निरोगी कातडी एकमेकींना भेटतात. तुकडा निम्मा करायचा.

एक अर्धा फॉर्मलिनमध्ये. फॉर्मलिन पेशींची रचना जशीच्या तशी धरून ठेवतो. प्रयोगशाळेत त्याचे पातळ काप काढून बुरशीसाठी पीएएस आणि चांदीचे रंग, मायकोबॅक्टेरियासाठी लाल रंग देतात. पण फॉर्मलिन जंतूंना मारून टाकतो, त्यामुळे या तुकड्यातून काहीही वाढवता येत नाही. म्हणून दुसरा अर्धा निर्जंतुक सलाइनमध्ये, जंतू वाढवण्यासाठी. दोन्ही तुकडे एकाच फॉर्मलिनच्या बाटलीत टाकले तर निम्मा तपास बाटलीतच मरतो. आणखी एक गोष्ट: न रंगवलेल्या काचा फॉर्मलिनच्या बाटलीशेजारी एकाच डब्यात ठेवायच्या नाहीत. झाकणातून सुटणारी वाफसुद्धा पेशींचा रंग घेण्याचा गुण बिघडवते.

आता अंतराचा प्रश्न. चारोटीच्या आसपासचे पशुवैद्यकीय दवाखाने प्रामुख्यानं गाय-बैल, शेळ्या, कोंबड्यांसाठी आहेत, आणि ते योग्यच आहे. घराचा संसार त्यांच्यावर चालतो. तिथे कातडीच्या तुकड्याचे काप होत नाहीत. पण मांजराला शंभरावर किलोमीटर टोपलीत कोंबून नेण्याची गरजही नाही. नमुना नीट घेणं हे काम इथेच होऊ शकतं. बाकीचा प्रवास काच करते. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १८८६ पासूनचं, आणि त्याच आवारात बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं प्राण्यांचं रुग्णालय. पुण्याला औंधमध्ये पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. जवळच्या डहाणू रोडला २०१३ मध्ये लोकल आली. सकाळी स्टेशनवर नेलेला नमुन्याचा डबा दुपारी परळशेजारच्या प्रभादेवीला उतरू शकतो.

उत्तराला मात्र घाई चालत नाही. स्पोरोथ्रिक्स आठवड्याभरात दिसू लागते. गजकर्णाच्या बुरशीला दोन-तीन आठवडे द्यावे लागतात. भराभर वाढणारे मायकोबॅक्टेरिया आठवड्यात येतात, सावकाश वाढणाऱ्यांना दोन-तीन महिने, आणि उंदराच्या कुष्ठाचा जंतू तर प्रयोगशाळेच्या नळीत वाढायलाच तयार नसतो. दरम्यान रक्ताच्या थेंबावर मांजराच्या प्रतिकारशक्तीवर घाला घालणाऱ्या दोन विषाणूंची चाचणी करून घेतात. त्यातला एफआयव्ही १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा इथल्या मांजरांत सापडला. तो माणसाला होत नाही, पण जखम का भरत नाही याचं कारण कधी कधी त्याच्यात असतं.

आणि कधी कापांमध्ये जंतू नसतातच. पांढऱ्या नाकाच्या, पांढऱ्या कानांच्या मांजरांना वर्षानुवर्षं ऊन खाऊन त्वचेचा कर्करोग होतो, आणि तो सुरुवातीला न भरणाऱ्या खपलीसारखाच दिसतो. तपासाचं मोल इथे सर्वांत जास्त, कारण या खपलीवर घालवलेला प्रत्येक महिना परत मिळत नाही.

ट्यूबचं काय झालं

आता त्या ट्यूबकडे वळू. मेडिकलमध्ये गजकर्णासाठी सहज मिळणाऱ्या अनेक मलमांत बुरशीनाशकासोबत तीव्र स्टेरॉइड असतं. त्यानं लाली आणि खाज दोन दिवसांत बसते, पण शरीराचं लढणंही तिथे थंडावतं आणि बुरशी निवांत पसरते. माणसांत अशा मलमांमुळे गजकर्ण इतकं चिवट झालं की २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अनेक स्टेरॉइड मलमांवर डॉक्टरांच्या चिठ्ठीची सक्ती केली. मांजरात तोटा दुहेरी. एक तर ते सगळं चाटून पोटात घेतं. दुसरं, अर्धवट मेलेली बुरशी नळीत वाढत नाही, सूज दबलेली कातडी कापात खोटं चित्र दाखवते, आणि अहवाल येतो: काही आढळलं नाही.

चाटण्याची सवय आणखी महागात पडते. काही विषारी द्रव्यं निकामी करण्याची मांजराच्या यकृताची ताकद कमी असते. फिनेलसारखी जंतुनाशकं, कुत्र्यांच्या गोचिडांसाठीचं पर्मेथ्रिन, रॉकेल, माणसाची पॅरासिटामॉल गोळी यांनी मांजर दगावू शकतं. नाव मिळेपर्यंत जखमेला लागतं ते एवढंच: स्वच्छ सलाइन, चाटू नये म्हणून गळ्यात पट्टा-कोन, आणि एका खोलीत विसावा.

घरच्यांनीही जपावं. न भरणाऱ्या जखमेच्या मांजराला हातमोजे घालून धरावं, लहान मुलांना दूर ठेवावं. मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर जागा साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. इथे निदानाची वाट पाहायची नसते.

नमुन्याच्या डब्यासोबत एक कागद जातो. त्यावर गाव, नर की मादी, वय, जखम कुठे, किती दिवसांपासून, घरात आणखी कुणाला चट्टे आहेत का, उंदीर धरतो का, असे रकाने असतात. ‘आतापर्यंत लावलेली औषधं’ हा रकाना लोक लाजेनं मोकळा सोडतात. तो पूर्ण भरावा. हळद, तेल, ट्यूब, फवारा, सगळं, आणि शेवटचं कधी लावलं तेही. काच वाचणाऱ्याला त्या ओळीवरूनच कळतं की कोरी काच खरंच कोरी आहे की कोरी केलेली.

सगळ्यात वर प्राण्याचं नाव विचारलेलं असतं. तिथे ‘बोका’ लिहिलं तरी चालतं. त्याला हाक मारायला तेवढं पुरतं. दुसरं नाव, त्याच्या नाकावरच्या जखमेचं, परळहून येऊ द्यावं.